दोन्ही बाह्या डाव्या

३ मार्च

चिमणे,

पोचले. मावशीच्या वरच्या खोलीत आहे. खिडकीखाली बसडेपो आहे. सकाळपासून गाड्या मागेपुढे करतात आणि एक माणूस शिट्टी वाजवत नुसता 'येऊ दे, येऊ दे' करत असतो. 'काळजी करू नकोस' असं लिहिणार होते, पण तू करशील असं काही वाटेना, म्हणून नाही लिहिलं.

माझी कात्री पाठवून दे. मोठी, काळ्या मुठीची. फडक्यात गुंडाळ, आणि मधल्या काळात तिने कोणी कागद कापला असेल तर आत्ताच सांग, कारण पहिल्याच कापाला मला कळेल. टेप पाठव, खडूची डबी पाठव. आणि ते बोटात घालायचं, टोपणासारखं, ते पण पाठव. तुला कळलं काय ते.

आता मुद्द्याचं. मी पिते असं तू किती जणांना सांगितलंस?

मला कोणाकडून कळलं माहितीये? बँडमास्तरांकडून. आपलं दुकान सोडून निघायच्या आदल्या दिवशी बटणांच्या दुकानाच्या दारात त्यांनी मला गाठलं. म्हटलं, आता कोटांवरून पुन्हा तोंड सोडणार. मीही पदर खोचूनच उभी राहिले. तर हा एवढा मिशाळ माणूस डोळ्यांत पाणी आणून, आवाज खाली घेऊन म्हणतो, "ताई, मीही त्यातून गेलोय. लाजू नका." आणि माझ्या हातात एक चिठ्ठी कोंबली. कुठल्याशा सभागृहाचा पत्ता. तिथे म्हणे दारू सोडलेले लोक गोल करून बसतात आणि एकमेकांना चहा देतात. मी विचारलं, कशातून गेलात? तर म्हणे, धाकट्या बाईंनी सगळं सांगितलंय, तुमचं काही चुकलं नाही, हा आजारच आहे.

मी त्या दारात उभी राहिले ती राहिलेच. मग एकेक गोष्ट डोक्यात उजेड पाडत गेली. इस्त्रीवाले दादा हल्ली माझ्याशी बोलताना नाक पुढे करून का बोलायचे. काजवाल्या बाईंनी डाग काढायच्या स्पिरिटची बाटली फळीवरून उचलून स्वतःच्या पिशवीत का ठेवली. मी विचारलं तर म्हणाल्या, उगाच सांडते हो. सांडते! मी ते स्पिरिट पिईन असं त्या बाईला वाटत होतं, चिमणे. आणि तू शेजारी बसून सुईत दोरा ओवत होतीस.

मी आयुष्यात थेंब तोंडाला लावलेला नाही. हे जगात एका माणसाला पक्कं ठाऊक आहे, आणि ते माणूस तू आहेस.

कोटांचं म्हणशील तर तेही बोलूनच टाकू. बँडच्या कोटांच्या सगळ्या बाह्या डाव्या हाताच्या निघाल्या. बरोबर आहे. लाल मखमल वाया गेली, तेही बरोबर. डावी बाही उलटी करून उजव्या हाताला बसते, पण मग मखमल आत आणि कापडाची पाठ बाहेर, असला कोट घालून कोण ट्रम्पेट वाजवणार? पण हे झालं कसं? मी काही दुहेरी घडी घालून कापत नाही. घडी घालून कापलं की दोन्ही बाह्या आपोआप जोडीने निघतात, ते शिकाऊ लोकांचं काम. आणि मखमल घडीत सरकते. मी एकेरी कापते. पुठ्ठ्याचा खाका ठेवायचा, एक बाही काढायची, खाका पालथा करायचा, दुसरी काढायची. हे मी झोपेतसुद्धा करीन. म्हणजे मी चहाला उठले की कोणीतरी खाका परत सुलटा करून ठेवत होतं. दुकानात त्या आठवड्यात माझ्याशिवाय खाक्यांना हात लावणारी तू एकटी. आता तूच सांग, मी काय समजू?

कापायचं टेबल हवं होतं तर मागायचंस. मी शिव्या दिल्या असत्या आणि दिलं असतं. हे केसाने गळा कापणं कशाला?

ती दुसरी गोष्ट, माझ्या रक्तातली, जी फक्त तुला आणि मला ठाऊक आहे, ती तरी बोलली नाहीस ना कुठे? आईची शपथ घातलीय मी तुला. तेवढी तरी पाळ.

तुझी (अजून तरी) ताई


१४ मार्च

चिमणे,

कात्री आली नाही, चिठ्ठी आली. एवढं मोठं पाकीट आणि आत एक ओळ. 'ताई, आधी डॉक्टरांना दाखव. कात्रीचं नंतर बघू.'

वा. मी विचारलं काय आणि तू बोलतेस काय. दारूचा एक शब्द नाही. खाक्याचा नाही. शाळेतसुद्धा तू अशीच होतीस, फळ्यावरचं गणित येत नसलं की खडू तुटलाय म्हणायचीस.

आणि डॉक्टरांना काय दाखवू? जीभ? इतकी वर्षं मी गोळ्या घेतेय, जेवणाआधी, पाण्याबरोबर, एक दिवस चुकवलेला नाही. मागच्या तपासणीत दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, रक्तात विषाणू सापडतसुद्धा नाही इतका दबलाय, अशाच राहा. मग? लिहूनच टाकते, एच.आय.व्ही. बघ, लिहिलं. पाकिटाच्या आत कोण बघतंय. हॉस्पिटलात तो कागद हातात आला तेव्हा तू शेजारी होतीस. आजार कुठून आला, कसा आला, तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. त्याबद्दल मी तुला मनातल्या मनात किती मानलं होतं ते आता सांगून उपयोग नाही. शपथ मात्र तेव्हाच घातली, की काहीही झालं तरी हे नाव तुझ्या जिभेवर यायचं नाही. म्हणजे त्याचं नाव झाकलंस आणि माझं नाव घालवलंस. छान हिशेब आहे.

इथे मी मजेत आहे. माझ्या खिडकीखाली बसडेपो आहे, हे तुला सांगायचं राहिलं. एक माणूस दिवसभर शिट्टी वाजवत 'येऊ दे, येऊ दे' करतो. करमणूक होते.

मावशीची शेगडी बिघडलीय. मी नुसती पाठ वळवली की दूध उतू जातं, भांडं करपतं. मावशी आता दुधापाशी स्वतःच उभी राहते. तिला मी म्हटलं, बर्नर बदल. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. म्हातारं माणूस.

काम मिळालंय. शेजारणीच्या मुलीचा झगा शिवायला घेतला. मावशीची स्वयंपाकघरातली कात्री, तिला धार म्हणजे नावापुरती, पण भागवलं. झगा झकास झाला. शेजारीण खूश. तेव्हा तुझ्या त्या धाकट्या जिभेला कळवून ठेव की ताईचा हात जागेवर आहे.

कात्री पाठव.

ताई


२ एप्रिल

चिमणे,

काजवाल्या बाई येऊन गेल्या. लेकीकडे निघाल्या होत्या, वाट वाकडी करून मला बघायला आल्या. आल्या आल्या वास घेतला, मग मिठी मारली. मी म्हटलं, बाई, घ्या, अजून जवळून घ्या, तोंड उघडते. तेव्हा कुठे त्या ओशाळल्या आणि रडायलाच लागल्या.

आणि रडता रडता त्यांनी जे सांगितलं ते तू सांगायला हवं होतंस.

दुकान बंद असतं त्या दिवशी तू मागच्या दाराने आत जायचीस. आठवडाभर मी कापलेलं एकेक कापड उलगडून बघायचीस. जे चुकलेलं असेल ते तसंच नवं कापड आणून परत कापायचीस आणि माझ्या खुणेच्या खडूने वर आकडा घालून होतं तसं रचून ठेवायचीस. माझ्या अक्षरात! बाई म्हणाल्या, वर्ष झालं असेल. सुरुवातीला कधीतरी एखादी कॉलर, एखादा खिसा. नंतर दर आठवड्याला. मखमल आली त्या सुट्टीला तुला ताप होता, तू उठली नाहीस. म्हणून ते कोट तसेच शिलाईला गेले.

म्हणजे खाका कोणी पालथासुलटा केला नव्हता. तो आळ मी मागे घेते. घेतला.

पण त्याने तू सुटलीस असं समजू नकोस. उलट आता जास्तच अडकलीस. तू मला गोत्यात आणलंस असं मला वाटत होतं, तेव्हा निदान राग तरी सरळ होता. आता कळतंय की वर्षभर तू मला खेळवत होतीस. मी टेबलापाशी उभी राहून रुबाबात कात्री चालवायची, नव्या मुलींना टोचून बोलायचं, 'एकेरी कापायला काळीज लागतं' म्हणून शेखी मिरवायची, आणि तू माना डोलवायचीस. पोटात एक, ओठांत एक. सगळ्यांना माहीत, इस्त्रीवाल्यांना माहीत, बाईंना माहीत. ज्या माणसाचा हात चुकतोय त्या एका माणसाला सोडून अख्ख्या दुकानाला माहीत. लहान मूल खेळण्यातलं स्टेअरिंग फिरवतं आणि गाडी बाप चालवत असतो, तशी मी माझ्याच दुकानात.

कळलं असतं तर मी काय केलं असतं? माहीत नाही. पण ते करायचं माझं होतं.

आता माझ्याकडचं ऐक. शेजारणीचा झगा झकास झाला असं मी लिहिलं, ते खोटं होतं. दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या. इथे खाक्याला हात लावायला कोणी नव्हतं. मावशीला चष्म्याशिवाय खाका दिसत नाही आणि चष्म्यानेही फारसा नाही. मी स्वयंपाकघराच्या टेबलावर त्या दोन बाह्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि बघत बसले. एक उचलायची, पालथी करायची, परत ठेवायची. कितीदा केलं तरी दुसरी कशी हवी ते डोक्यात उभं राहीना. डोळ्यांना दिसत होतं की चूक आहे. बरोबर काय ते मात्र दिसेना. शेवटी कपड्यांच्या दोरीवर मावशीचं झंपर होतं ते काढून आणलं आणि त्याच्यावर ठेवून बघितलं.

शेगडीही चांगली आहे. मीच गॅस लावून विसरते.

मला भीती वाटते, चिमणे. तुझ्यावर एवढी चिडले आहे आणि सांगायला दुसरं कोणी नाही, हे काय माझं नशीब म्हणायचं! उद्या इथल्या दवाखान्यात जाते. तू सांगितलंस म्हणून नाही. मला जायचंय म्हणून.

ताई


२० एप्रिल

चिमणे,

हे पत्र तीन बैठकांत लिहितेय. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं, एका वेळी एकच काम, रेडिओ बंद, आणि थकलं की थांबायचं. तेव्हा मध्येच शाई बदललेली दिसली तर समज.

बाई तरुण आहेत. आधी रक्त घेतलं, डोक्याचं स्कॅन केलं, झोप लागते का, रडू येतं का, सगळं विचारलं. मग दारूबद्दल विचारलं. मी हसायलाच लागले. हसू थांबेना. त्या बिचाऱ्या पाण्याचा ग्लास घेऊन उभ्या.

मग एका दुसऱ्या बाईंनी परीक्षा घेतल्या. त्यांनी शब्द म्हणून दाखवायचे, मी परत म्हणायचे. ते जमलं. थोड्या वेळाने विचारले तर अर्धे पळालेले. आकडा, मग अक्षर, मग पुढचा आकडा, मग पुढचं अक्षर, असं रेघेने जोडत जायचं. तिथे मी एका आकड्यापाशी जाऊन बसले ती बसलेच. मग एक छिद्रांची पाटी आणली आणि बारीक खिळे. प्रत्येक खिळ्याला एका कडेला उंचवटा, तो बोटांत फिरवून छिद्राच्या खाचेत बसवायचा. मी म्हटलं, आणा, यात तरी मी तुम्हाला पाणी पाजते. सुईच्या नेढ्यात मी न बघता दोरा ओवते. आणि चिमणे, माझी बोटं ऐकेनात. खिळा हातात, छिद्र समोर, आणि मध्ये कुठेतरी निरोपच पोचत नव्हता. बाई घड्याळ बघत होत्या. मी त्यांच्या घड्याळाकडे बघितलं नाही.

शेवटी हातमोज्यांची चित्रं. कधी बोटं वर, कधी खाली, कधी आडवी. हा डाव्या हाताचा की उजव्या, सांगा. पहिलं चित्र समोर ठेवलं आणि मला मखमल दिसली. लाल. मी म्हटलं, मला बाहेर जायचंय.

डॉक्टरीणबाईंनी परत बोलावलं तेव्हा दार लावून घेतलं आणि सोप्या शब्दांत सांगितलं. रक्तातला विषाणू दबलेला आहे, गोळ्या आपलं काम चोख करतायत. पण हा विषाणू पहिल्यापासूनच मेंदूपर्यंत पोचलेला असतो. गोळ्या सुरू व्हायच्या आधी, आणि कधीकधी नंतरही, तिथे थोडी खराबी करून ठेवतो. सगळ्यांचं होत नाही. ज्यांचं होतं त्यांचं लक्ष टिकत नाही, शब्द अडतात, हात मंदावतात, एका कामातून दुसऱ्या कामात जाताना गाडी अडकते. वेड नाही हे, म्हणाल्या. आळस नाही, वय झालं म्हणूनही नाही. मी विचारलं, वाढेल? त्या म्हणाल्या, "खोटं सांगणार नाही. काहींचं आहे तिथेच राहतं, काहींचं थोडं सुधारतं, काहींचं वाढतं. एक गोळी बदलून बघू, आणि दर काही महिन्यांनी ह्याच परीक्षा घेऊ." मी म्हटलं, आणि कात्री? तर त्या म्हणाल्या, कात्रीबद्दल मला काही कळत नाही, ते तुम्ही मला सांगायचं.

बरी वाटली मला ती बाई.

मग त्यांनी विचारलं, "हे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं?"

"धाकट्या बहिणीच्या."

"मग त्यांनी काय केलं?"

"वर्षभर लपवलं. मग लोकांना सांगितलं की मी पिते."

त्यांचं लिहिणं थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला एकदम तुझी बाजू घ्यावीशी वाटली. घेतली नाही.

ह्या आजाराला नाव आहे, लांबलचक. कागदावर लिहून दिलंय. एक सांगू? ते नाव वाचलं तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं. मी ढिली झाले नव्हते, माजले नव्हते, मला काहीतरी झालं होतं. आणि दुसऱ्याच क्षणी तुझा इतका राग आला की कागद चुरगाळला. वर्षभर आधी मी ह्या खुर्चीत बसले असते. गोळी तेव्हाच बदलून बघितली असती. तेव्हा काही वाचलं असतं की नाही, बाईंना सांगता येत नाही, कोणालाच येणार नाही. पण ते वर्ष माझं होतं आणि ते तू घेतलंस. कापड परत आणता येतं, म्हणून तू परत परत आणलंस. वर्ष कुठून आणशील?

एकदा तरी नीट उत्तर दे. एका ओळीत नको.

अंगुस्तान. बोटात घालायचं ते. अंगुस्तान. काल चहा पिताना आठवलं आणि मी मावशीला मोठ्याने सांगितलं. तिला वाटलं मी कोणाला शिवी देतेय.

ताई


६ मे

चिमणे,

तुझं पत्र मिळालं. चार पानं. मावशी म्हणाली, एवढं काय लिहिलंय, कादंबरी आहे का? मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून उशीखाली ठेवलं आणि वाचलंय हेच विसरले, म्हणून दुसऱ्यांदा. तेव्हा दोन्ही वेळा राग नवा होता.

तू लिहिलंयस, मास्तर दुकानात उभे राहून ओरडत होते, 'तुमच्या बहिणीला झालंय तरी काय?' सगळे थांबून ऐकत होते. 'आजारी आहे म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न कोणता आला असता ते तुलाच माहीत, ताई. आणि मला ते नाव घ्यायची बंदी. पिणाऱ्या माणसाला लोक हसतात आणि परत येतात. त्या आजाराच्या माणसाच्या हातचं कापड कोणी अंगाला लावलं नसतं. मी शपथ पाळली. मला दुसरं काही सुचलं नाही.'

आणि खाली लिहिलंयस, 'तुला सांगितलं असतं तर तू कात्री खाली ठेवली असतीस. मला तुला कात्रीशिवाय बघायचं नव्हतं.'

तुझं म्हणणं मला कळतं. अगदी शेवटच्या टाक्यापर्यंत कळतं. मास्तर खरंच परत आले, नवी ऑर्डर दिली, हेही कळलं. दारू म्हटल्यावर माणूस विरघळला. तुझं गणित बरोबर आलं. फक्त त्या गणितात मी कुठे होते? तुला मला कात्रीशिवाय बघायचं नव्हतं. मला काय बघायचं होतं, काय कळून घ्यायचं होतं, ते एकदा विचारायचं होतंस. मी शपथ घातली होती ती त्या नावाची. माझ्याशीसुद्धा गप्प बस असं मी कधी म्हटलं होतं? ते तू वरून शिवलंस.

तेव्हा माफ केलं असं मी लिहिणार नाही. लिहिलं तर खोटं होईल आणि खोटं आपल्याकडे आधीच पुष्कळ झालंय.

मी तुला एक काम सांगते. नाही म्हणायचं नाही.

हे पत्र मिळेल त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं, सगळी मंडळी आली, की इस्त्री बंद करायला सांग, मशिनं थांबव. मास्तरांनाही बोलावून घे. कापायच्या टेबलापाशी उभी राहा आणि खालचं मोठ्याने वाच. शपथ मी घातली होती, मीच सोडवते. आणि तुझ्याच तोंडाने वाचायचं, काजवाल्या बाईंच्या हातात देऊन मोकळी व्हायचं नाही. जे तोंड 'पिते' म्हणालं त्यानेच हे म्हणायचं. ही शिक्षा समज. मला वाटतं तुझीही सुटका होईल, पण त्याच्यासाठी मी हे करत नाहीये.

इथून वाच:

'मंडळी, मी तुमची थोरली बाई. मी दारू पीत नाही, कधी प्यायले नाही. मला एच.आय.व्ही. आहे. बरीच वर्षं आहे. रोज गोळ्या घेते, त्याने तो दबलेला आहे. एका कपातून चहा प्यायल्याने, एका टेबलावर काम केल्याने, माझ्या हातचा कपडा घातल्याने तो कोणाला लागत नाही. विश्वास बसत नसेल तर दवाखान्यात जाऊन विचारा, मीही तसंच विचारलं होतं.

त्या आजाराने माझ्या डोक्याच्या एका कोपऱ्याला धक्का लागलाय. मी विसरते. मला शब्द अडतात. डावं-उजवं डोक्यात पालथं करता येत नाही. कोटांच्या बाह्या त्यामुळे चुकल्या. मास्तर, तुमची मखमल माझ्या हातून गेली, धाकटीच्या नाही. तुम्ही दिलेला पत्ता मी जपून ठेवलाय, तुमच्यासारखं प्रेमाने कोणी मला कुठे बोलावलं नव्हतं. पण ते घर माझं नाही.

बाई, स्पिरिटची बाटली परत फळीवर ठेवा.

आता कोणाला उठून जायचं असेल तर जावं. मी नाव ठेवणार नाही. फक्त इस्त्री बंद केलीय ना, ते बघून जावं.'

इथपर्यंत.

वाचताना मध्ये रडलीस तर थांब, मग परत सुरू कर. गाळायचं काही नाही. कोण उठलं, कोण राहिलं, ते मला कळवू नकोस. मी आल्यावर माझ्या डोळ्यांनी बघेन.

होय, येतेय. शनिवारी, सकाळच्या गाडीने. मावशी बसस्टॉपपर्यंत येणार आहे. मला म्हणते, चुकीच्या गाडीत बसशील. बसेनही, म्हणून येऊ देतेय.

टेबलापाशी रेडिओ नको. मी कापत असताना कोणी हाक मारायची नाही. खाक्यांवर दोन्ही बाजूंनी मोठ्या अक्षरांत डावी, उजवी लिही, आणि ते लिहिताना मला केविलवाणं बघायचं नाही. मी कापलेलं तू तपासशील, पण माझ्यासमोर, मी उभी असताना. चुकलं तर 'चुकलं' म्हणायचं. बंद दुकानात मागच्या दाराने शिरलीस तर तो दिवस आपला शेवटचा.

मखमल तू काप. मास्तरांचे नवे कोट तूच घे. ती सोडताना मला काय होतंय ते इथे लिहीत नाही.

माझी कात्री काढून ठेव. आणि साधं सुती कापड टेबलावर पसरून ठेव. दुहेरी घडी घालून.

ताई